फेरचाचणीची मुदत

"सत्त्याण्णव पॉइंट आठ," तांबटकाका म्हणाले. "लिही."

मी लिहिलं नाही. सकाळपासून एकाखाली एक तोच आकडा मी वहीत अकरा वेळा लिहिला होता. टेबलावर दिल्लीहून आलेलं पाकीट उघडं पडलं होतं. त्यातल्या कागदावर, गोल शिक्क्याच्या जरा वर, ठळक छापलं होतं : १०२.४.

"काका, कागदावर एकशे दोन पॉइंट चार आहे."

"वाचलंय मी."

"मग?"

"मग काय? कागद चुकलाय."

त्यांनी चिमट्यानं ती सिलिकॉनची चकती उचलली, खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि पुन्हा जागेवर ठेवली. चकती दिसायला निळसर आरशासारखी होती. अशा चकत्यांवर संगणकाच्या, मोबाइलच्या चिपा घडवतात. त्याआधी तिच्यावर काचेसारखा एक पापुद्रा चढवतात. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक-दीड भाग, एवढा पातळ. तो नेमका किती जाड आहे ते कळलं नाही तर पुढचं सगळं काम आंधळ्याचं. साबणाच्या फुग्यावर जाडीप्रमाणे रंग बदलतात ना, तसंच इथंही असतं. एका बाजूनं उजेड टाकायचा, दुसऱ्या बाजूनं परत आलेला पकडायचा आणि त्यावरून जाडी नॅनोमीटरमध्ये काढायची. हे करणारी यंत्रं तेव्हा परदेशातून यायची. ती इथं बनावीत म्हणून सरकारनं छोट्या उद्योगांना अनुदान द्यायचं ठरवलं होतं. देशभरातून आलेल्या अर्जांमध्ये कुपवाड एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडचाही अर्ज होता. तो आमचा.

पहिला टप्पा आम्ही पार केला होता. दुसऱ्या टप्प्यासाठी पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत समितीपुढं मशीन चालवून दाखवायचं होतं. समिती आपल्याकडच्या चकत्या देणार, आम्ही त्या मोजायच्या, फरक एक टक्क्याच्या आत असला पाहिजे. सराव करता यावा म्हणून त्यांनी एक चकती आणि तिच्या जाडीचा दाखला आधी पाठवला होता. आमचा फरक जवळजवळ पाच टक्के येत होता.

"त्यांना मेल टाक," काका म्हणाले. "लिही, दाखला पुन्हा तपासून बघा म्हणावं."

"सरकारी प्रयोगशाळेला आपण असं लिहायचं?"

"का? त्यांच्याकडंबी माणसंच असतील की."

मी मेल टाकला. प्रात्यक्षिकाला बारा दिवस होते.

नरहरी तांबट सांगलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. शिक्षण जुनी मॅट्रिक. मिरजेच्या तांबट गल्लीतलं घराणं, हंडे-घागरी घडवणारं. यांनी मात्र सूक्ष्मदर्शक आणि वर्णपटमापक उघडून जोडून हयात घालवली. मी त्याच कॉलेजात असताना त्यांनी मला पहिल्यांदा भिंगाला हात लावू दिला होता. बोट कसं धरायचं ते सांगितलं होतं. "काचेला कळलं नाही पाहिजे कुणी उचललं ते," असं म्हणायचे. पुढं मी इंजिनियर झाले, पुण्यात मोजमापाच्याच एका कंपनीत नोकरी धरली आणि नोकरी सोडून गावी आले, ती त्यांच्या भरवशावर. हिशेब, कागदपत्रं, संगणकाचा प्रोग्राम माझ्याकडं. घडवायचं सगळं त्यांच्याकडं.

मशीनचा जीव होता तो पितळी कमानीत. कमानीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उजेड पकडणारा डोळा. या दोन्हींमधला कोन केसभरही हलून चालत नाही. बाहेरून कमान मागवली असती तर आमचं दिवाळं निघालं असतं. काकांनी ती पुतण्याच्या भट्टीत ओतून घेतली आणि दोन अर्ध्यांचा जोड आठ महिने घासून बसवला. जोड दिसायचा नाही. नखानं चाचपला तरी लागायचा नाही. आम्हाला सहा वर्षं लागली, त्यातली आठ महिन्यांची ही एवढी एक रेघ.

मेलला उत्तर आलं नाही. मी दोनदा फोन केला, तर संबंधित अधिकारी रजेवर होते. तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही.

आणि माझ्या मनात किडा शिरला तो त्याच दिवसांत. काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, डाव्याचं व्हायचं होतं. कप उचलताना त्यांचा हात कपाच्या बाजूला पडायचा. कमान शेवटची बसवली ती त्यांनी याच डोळ्यांनी. एकीकडं हे होतं, दुसरीकडं देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रांवर मोजलेला, शिक्का मारलेला दाखला. मी कशाला खरं मानायचं?

"काका, कोनात थोडा फरक पडला असेल का?"

"नाही."

"एकदा उघडून बघूया?"

"वृंदा, जे जागेवर आहे ते उघडायचं नसतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आपण खोटं मोजत असतो तर अकरा वेळा अकरा आकडे आले असते."

ते तसं नसतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. चुकीचं यंत्रही दरवेळी तीच चूक करू शकतं. मी बोलले नाही. त्यांना मॅट्रिकवाले म्हटल्यासारखं झालं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. शेडमध्ये मी एकटीच होते. मी प्रोग्राम उघडला आणि त्यात एक ओळ घातली. मशीन जे मोजेल त्याला एक पॉइंट शून्य चार सातनं गुणायचं, मग आकडा पडद्यावर दाखवायचा. सरावाची चकती लावली. पडद्यावर आलं १०२.४. कागदाशी तंतोतंत. या सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. मला अपराधी वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. मनात म्हटलं, अनुदान मिळालं की शांतपणे कोन तपासू, खरी चूक शोधू आणि ही ओळ काढून टाकू. काकांना कळायचीही गरज नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन गाद्यांमध्ये गुंडाळून भाड्याच्या गाडीत ठेवलं. शांताकाकूंनी काकांच्या हातावर दही ठेवलं, माझ्याही ठेवलं. कराड, सातारा, खंबाटकी, सगळ्या वाटेनं काका मागच्या सीटवर मशीनला हात लावून बसले होते.

पुण्यात प्रयोगशाळेच्या एका खोलीत मशीन मांडलं. मी म्हणत होते, काका, तुम्ही चहा घेऊन या, मी लावते. पण ते हलले नाहीत. त्यांनी सरावाची चकती स्वतः ठेवली, बटण दाबलं आणि पडद्याला नाक टेकेल इतके वाकले.

"हे काय?"

मी वायरींशी चाळा करत राहिले.

"वृंदा, वाच गं. एकशे दोन दिसतंय का मला?"

"एकशे दोन पॉइंट चार."

"कसं काय?"

"कागदाशी जुळलं की," मी म्हणाले. "गाडीत हादरे बसून कमान आपोआप नीट बसली असेल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते खूश झाल्याचं काही त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं. "जुळलं म्हणजे बरोबर झालं होय?" ते म्हणाले. "काल सत्त्याण्णव होतं. माझं मशीन हललंय. मला जोड बघितला पाहिजे."

"काका, आता वेळ नाही."

"दहा मिनिटं माग त्यांच्याकडनं."

तेवढ्यात दार उघडलं आणि समिती आत आली.

पाच जण होते. प्रश्न विचारत होत्या त्या एक शास्त्रज्ञ बाई, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मऊ. डॉक्टर राजवाडकर म्हणून. त्यांनी एक चकती दिली. काकांनी ती ठेवली. पडद्यावर आलं १५६.०.

बाईंनी हातातल्या कागदावर पाहिलं. "पुन्हा मोजा."

पुन्हा १५६.०. काकांनी भिंग पुसलं, चकती फिरवली, पुन्हा ठेवली. १५६.०. बाईंनी दुसरी चकती दिली, तिसरी दिली. प्रत्येक वेळी त्या कागदाकडं बघायच्या आणि शेजारच्या गृहस्थांना दाखवायच्या. शेवटी त्यांनी कागद टेबलावर ठेवला. पहिल्या चकतीची खरी जाडी १४८.९ होती.

मी मनातल्या मनात भागाकार केला. एकशे छप्पन्नला एक पॉइंट शून्य चार सातनं भागलं तर एकशे एकोणपन्नास येतात. माझी ओळ नसती, तर मशीननं एकशे एकोणपन्नास दाखवले असते. फरक एका टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याइतकासुद्धा नसता. उरलेल्या दोन्ही चकत्यांचंही तसंच होतं. काका खरे होते. मशीन खरं होतं. तो शिक्क्याचा कागद खोटा होता.

"तुमच्या यंत्राचा आकडा हलत नाही, ही फार अवघड गोष्ट तुम्ही साधलीत," बाई म्हणाल्या. "पण सगळे आकडे सारख्याच प्रमाणात जास्त आहेत. मधे काही दुरुस्तीचा गुणक वगैरे लावलाय का?"

"नाही मॅडम," काका म्हणाले. "असलं काही आम्ही करत नाही." आणि माझ्याकडं वळले. "नाही ना गं?"

खोलीत पंखा चालू होता. बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी लिहून घेतलं. मशीनच्या सगळ्या नोंदीही त्यांनी ठेवून घेतल्या.

परतताना काका पुढं बसले. मशीन मागं एकटं होतं. सातारा गेल्यावर म्हणाले, "जोड हलला. माझाच जोड." मी खिडकीबाहेर बघत होते. "एवढं हादऱ्यानं हलतंय म्हणजे मी बसवलंच नव्हतं नीट," ते म्हणाले. "तुला उगीच त्या लोकांपुढं उभं केलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी शेडवर पोचले आणि ती ओळ पुसून टाकली. वाटलं, आता निदान मशीन तरी मूळचं होईल. काका आले. डबाही खाली न ठेवता त्यांनी चकती लावली. सत्त्याण्णव पॉइंट आठ.

ते स्टुलावर बसले. "बघ," म्हणाले. "परत आलं. जाताना हललं, येताना जागेवर आलं. असं कधी होतं का?"

मला तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणाले, "मला नाही सांगता येत, काका."

शेजारच्या फाउंड्रीत रफीकभाईंचा टेम्पो होता. काकांनी तो मागून घेतला. पुण्याच्या वाटेत जोड कुठल्या हादऱ्याला हलला ते शोधून काढायचं त्यांनी ठरवलं होतं. मशीन गाद्यांत गुंडाळायचं, टेम्पोत ठेवायचं, कुपवाडहून सावळीच्या रस्त्यानं फिरवून आणायचं आणि वाटेत थांबून थांबून मोजायचं. गळिताचा हंगाम होता. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांची चाळण केली होती. रफीकभाई म्हणाले, "तांबटभाऊ, लोक चांगला रस्ता शोधतात, तुम्ही खड्डे शोधा म्हणताय." काका हसले नाहीत. मागं गाद्यांशेजारी बसले. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले.

पहिल्या फेरीत पाच वेळा मोजलं. पाचही वेळा सत्त्याण्णव पॉइंट आठ.

तिसऱ्या फेरीनंतर दिल्लीचा मेल आला. प्रात्यक्षिकाला नऊ दिवस होऊन गेले होते. काका माझ्यापासून दोन हातांवर, पाठमोरे, कमानीवर भिंग धरून बसले होते. मेलमध्ये लिहिलं होतं, की आपण विचारणा केल्याप्रमाणे तपासणी केली असता नमुना क्रमांक अकरासोबत नमुना क्रमांक सतराचा दाखला नजरचुकीनं पाठवला गेल्याचं आढळलं. नमुना अकराची योग्य जाडी ९७.६ आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. या चुकीचा आपल्या प्रात्यक्षिकावर परिणाम झाला असल्यास तीस दिवसांच्या आत, कारणासह, फेरचाचणीसाठी अर्ज करता येईल.

मी तो दोनदा वाचला. कारणासह. म्हणजे लिहावं लागणार होतं, की त्या कागदावर भरवसा ठेवून मी मशीनमध्ये ओळ घातली आणि समितीनं विचारल्यावर नाही म्हणाले. ते मी लिहिलंही असतं. अनोळखी माणसांना लिहायचं काय वाटणार? पण अर्जावर दोघांच्या सह्या लागत होत्या.

"उत्तर आलं का गं त्यांचं?" काकांनी पाठ न वळवता विचारलं. ते रोज एकदा विचारत. त्या दिवशीही तसंच विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"नाहीच येणार. कागद बरोबरच असेल त्यांचा." आणि जरा वेळानं, "तरी मी केवढ्या तोऱ्यात म्हणालो होतो, कागद चुकलाय."

मी तीस दिवस रोज ठरवत होते की आज सांगायचं. टेम्पोत सांगावं म्हटलं तर रफीकभाई. शेडवर सांगावं तर काका भिंग लावून बसलेले. घरी सांगावं तर शांताकाकू पोहे पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "हे झोपेत कमान कमान म्हणतात गं. तूच समजाव जरा." मी समजावायची. म्हणायची, काका, सोडा आता, दुसऱ्या योजना निघतील. ते म्हणायचे, "योजना निघतील की. पण मी त्यांना काय देऊ? पुढच्या वेळी परत खोटं बोललं तर?"

सावळीच्या रस्त्याला त्या दिवसांत हळद शिजवायचं काम चालू होतं, वास टेम्पोत भरून राहायचा. काका टेम्पो थांबवायला सांगत, गाद्या बाजूला करत, चकती ठेवत. एकदा त्यांनी मुद्दाम पाठीमागचं चाक खड्ड्यातून तीनदा नेलं. एकदा कमान उन्हात तापवून नेली. एकदा ओल्या फडक्यात गुंडाळून. मी प्रत्येक वेळी आकडा वाचून दाखवायची, कारण उन्हात त्यांना पडदा दिसत नव्हता. प्रत्येक वेळी मान वर करून ते विचारायचे, "किती?"

"सत्त्याण्णव पॉइंट आठ."

"नीट बघ."

"तेच आहे, काका."

त्यांचं तोंड पडायचं. मशीन बरोबर मोजत होतं आणि त्यांचं तोंड पडत होतं.

तेरावी फेरी झाली त्या दिवशी मुदतीचा शेवटचा दिवस होता. हे फक्त मला माहीत होतं. संध्याकाळी पाचला दिल्लीचं कार्यालय बंद झालं असेल. काका टेम्पोतून उतरताना अडखळले, रफीकभाईंनी त्यांना धरलं. शेडवर आल्यावर ते म्हणाले, "राहू दे आता. जे एकदाच खोटं बोलतं आणि का ते सांगत नाही, त्याच्याबरोबर मला काम नाही करता येत."

आठवड्यानं मी शेडवर गेले तर कमान जागेवर नव्हती. त्यांनी ती करवतीनं कापून, चार तुकडे करून पुतण्याच्या भट्टीत पाठवली होती. भिंगं पुसून डब्यांत भरून कॉलेजला देऊन टाकली होती. "तुझा संगणक तेवढा घेऊन जा," म्हणाले.

मी पुण्याला परत नोकरी धरली. कॉलेजातून त्यांना कधीमधी बोलावणं यायचं. कुठला सूक्ष्मदर्शक बिघडायचा, कुठला तराजू. ते जात नाहीत, असं शांताकाकू फोनवर सांगायच्या. म्हणतात, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. एकतीस वर्षं ज्या हातावर कॉलेज चाललं, त्याबद्दल हे असं म्हणतात. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यांनी करून घेतलं नव्हतं. "बघायचं काय राहिलंय, असं म्हणतात गं," काकू म्हणाल्या. हे ऐकल्यावर मी त्या रविवारी एसटीनं मिरजेला गेले. मधे दोन वर्षं गेली होती.

दुपारची वेळ होती. काका पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. काकू आत चहाला गेल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. ओळ सांगितली, समितीपुढं म्हटलेलं 'नाही' सांगितलं, दिल्लीचा मेल सांगितला.

 एखादं बिघडलेलं यंत्र पुढ्यात आणून ठेवल्यावर विचारावं तसं काकांनी विचारलं, "किती लावला होतास गुणक?"

"एक पॉइंट शून्य चार सात."

त्यांचे ओठ हलले. "म्हणजे त्या पहिल्या चकतीला एकशे एकोणपन्नास."

"हो."

"त्यांचं एकशे अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ." आकडा त्यांना दोन वर्षांनीही पाठ होता. "म्हणजे जोड पक्का होता."

"पक्का होता, काका."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या पायाशी बसले. मला वाटत होतं, आता ते रागावतील. रागावावेत म्हणूनच मी आले होते. ते रागावले नाहीत.

"कागद बघून भ्यालीस," ते म्हणाले. "भितं माणूस. माझा डोळा असा, तुझं वय ते. पुण्यातबी भ्यालीस. तेही समजतं मला." मग त्यांनी विचारलं, "टेम्पोत बसायचीस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तेराही फेऱ्यांना?"

"पहिल्या फेरीच्या आधीपासून."

"मी किती म्हणून विचारायचो. तू वाचून दाखवायचीस."

मी मान हलवली. त्यांना ती दिसली की नाही कोण जाणे. आत काकूंनी कपबश्या मांडल्याचा आवाज झाला.

"शांता," काकांनी आवाज दिला. "चहा नको टाकू. वृंदाला एसटी गाठायचीय."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अगं, आत्ता तर आलीस. निदान दोन घास खाऊन..."

"उशीर होतोय तिला," काका म्हणाले.

काकूंना काही माहीत नव्हतं. त्यांनी घाईघाईनं डब्यात दोन पोळ्या आणि भाजी भरून तो माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत आल्या. काका खुर्चीतून उठले नाहीत. माझी एसटी संध्याकाळी सहाची होती. मी स्टँडवर साडेतीन तास बसून राहिले.

त्यानंतर महिन्यातून एकदा मी फोन करत राहिले. फोन काकूच उचलायच्या. सकाळी अकराला केला तरी म्हणायच्या, "झोपलेत गं." संध्याकाळी केला तरी, "आत्ताच पडलेत." त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, हे ऐकताना कळायचं. काय झालं, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. काकांनी त्यांना सांगितलं असेल, किंवा नसेल. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, एवढं मात्र एकदा त्यांनी आपणहून सांगितलं.

ते आणखी चार वर्षं होते. गेल्याचं मला कॉलेजच्या जुन्या मंडळींकडून कळलं, तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

पण मला सांगायचाय तो एक फोन त्याच्या बराच आधीचा. दिवाळीचा पाडवा होता. सकाळी साडेनऊ-दहा. मी विचारलं, "काका आहेत का?" मागं, बहुतेक परसातून, आवाज येत होता. पितळेवर कानस चालत होती. दोनदा घासणं, जरा थांबणं, पुन्हा दोनदा. थांबणं म्हणजे ते वाकून उजेडात बघत असणार.

काकू म्हणाल्या, "झोपलेत गं."

"बरं," मी म्हणाले. "झोपू देत."

त्यांनीही लगेच फोन ठेवला नाही.